मदत हवी आहे: गच्चीवरची डांबरी शीट दुरुस्त करावी की पूर्ण काढावी?

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत आमची चार मजली जुनी इमारत आहे. गच्चीवर विटांच्या कोब्यावर (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) डांबरी मेम्ब्रेन म्हणजे शीट आहे, गॅसच्या टॉर्चने तापवून चिकटवलेली, वरून चंदेरी फॉइल. आता फॉइल बऱ्याच ठिकाणी उडालंय आणि उघडं पडलेलं डांबर उन्हाने कडक होऊन तडकलंय. मधल्या भागात तळहाताएवढे फुगे आलेत. पॅरापेटच्या (कठड्याच्या) वाट्यापाशी, म्हणजे गच्ची आणि कठडा मिळतात तिथल्या गोलसर कोपऱ्यापाशी, शीट सुटली आहे, गळतीही मुख्यतः तिथेच आणि पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी.

एक ठेकेदार म्हणतो, फुगे कापून, वाळवून, प्रायमर मारून पॅच लावू. दुसरा म्हणतो, जुन्यावरच नवीन ४ मिमीची शीट टाकू. हे मला पटत नाही. खाली ओल अडकलेली असेल तर उन्हात वाफ होऊन नवीन शीटही फुगणारच ना? तिसऱ्याला सगळं खरवडून नवा कोबा करायचाय, पण त्याचं वजन जुन्या स्लॅबला झेपेल का, हे तो इंजिनिअरला विचारायलाही तयार नाही!

ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा: पॅच किती पावसाळे टिकले? वाट्यावर शीट किती उंच चढवून भिंतीत खाच मारून बंद केली? जोडावर ४ इंचांचा ओव्हरलॅप पुरतो का? आणि काम झाल्यावर पाणी साठवून चाचणी २४ तास घेतली की ४८?

सोसायटीची सभा पुढच्या रविवारी आहे. ठाणे-कल्याण भागातल्यांचे अनुभव असतील तर फारच उत्तम. दर इनबॉक्समध्ये कळवलेत तरी चालेल.