मदत हवी आहे : शाळेत मुलींचा बेसबॉल संघ उभा करायचाय, सामान तुटपुंजं, मैदान फुटबॉलचं

वाळवंटीकाठ
नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत सातवी ते नववीच्या १४ मुलींना बेसबॉल शिकवायला घेतलाय. सामान म्हणाल तर ६ ग्लोव्ह, २ अ‍ॅल्युमिनियमच्या बॅट आणि डझनभर लेदर बॉल. मैदान पंचायतीचं आहे, ५ नंतर तिथे फुटबॉल चालतो. जमीन तांबडी, वर जांभ्याचे बारीक खडे. पहिल्याच आठवड्यात दोघींच्या तोंडावर बॉल बसला आणि तिघी यायच्या बंद झाल्या. आता सगळीकडून एकच सल्ला येतोय : "मुलींना सॉफ्टबॉल द्या, बेसबॉल मुलांचा." मला तो पटत नाही, पण उत्तर नेमकं काय द्यायचं? शिवाय सुरुवात कुठून करू, मैदान कसं आखू, पावसाळ्यात काय करू? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तिसरा_बेस
ताई, मुली बॅटिंग जमत नाही म्हणून खेळ सोडत नाहीत, बॉलची भीती बसली की सोडतात. म्हणून लेदर बॉल निदान महिनाभर पेटीत ठेवा. मऊ गाभ्याचे सरावाचे बॉल मिळाले तर उत्तम, नाहीतर जुन्या मोज्यांची घट्ट गुंडाळी करून वर इन्सुलेशन टेप मारा. टेनिस बॉल ग्लोव्हमधून उसळून बाहेर पडतो, तो फक्त रिकाम्या हातांच्या झेलांसाठी वापरा.

तोंडाला बॉल का लागतो ते एकदा जवळून बघा. क्रिकेटची सवय असलेली मुलगी चेहऱ्याच्या उंचीवरचा बॉलसुद्धा ओंजळ करून, तळवे आकाशाकडे ठेवून घ्यायला जाते. मग बॉल ग्लोव्हच्या टाचेला, म्हणजे मनगटाकडच्या जाड कडेला, लागतो आणि थेट नाकावर उडतो. नियम सोपा आहे : बॉल छातीच्या वर आला तर ग्लोव्हची बोटं वर, कमरेच्या खाली आला तर बोटं खाली. बॉलशिवाय, तुम्ही "वर", "खाली" म्हणायचं आणि त्यांनी ग्लोव्ह फिरवायचा, असं रोज ५ मिनिटं करून घ्या. हे अंगवळणी पडल्याशिवाय अंतर वाढवू नका.

अंतर ५ मीटरपासून सुरू करा. जोडीदारणीने १० पैकी ८ बॉल छातीच्या आसपास झेलले की ८ मीटर, मग १२, मग १५. फेकताना शिवणीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर दोन बोटं आडवी, अंगठा खाली, बॉल आणि तळव्यात थोडी फट. हात लहान असेल तर तीन बोटं चालतील. कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरलं की बॉल वर जातो आणि खांदाही दुखतो. ग्लोव्हच्या बाजूचा पाय समोरच्या जोडीदारणीकडे पडलाच पाहिजे.

६ ग्लोव्हमध्ये तीन जोड्या होतात. १४ही जणी आल्या तर उरलेल्या आठ जणींना रांगेत उभ्या करू नका, तिथेच कंटाळा येतो. चौघी टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर) बॅटिंग करतील, चौघी बेस (मैदानातले धावायचे टप्पे) धावतील. टी विकत घ्यायची गरज नाही : सिमेंट भरलेल्या बादलीत पीव्हीसी पाइप उभा करा आणि वरच्या टोकाला गॅरेजमधून आणलेला रेडिएटरच्या होजचा वीतभर तुकडा बसवा. बॉल कमरेच्या उंचीवर यायला हवा. बॅट हलकी पाहिजे, या वयाला २९ इंच आणि १९ औंसांच्या आसपास. एका हाताने बॅट बाजूला सरळ धरायला सांगा. १५-२० सेकंदांत टोक खाली झुकलं तर ती बॅट त्या मुलीला जड आहे.

आणखी एक : फटका मारल्यावर बॅट तिथेच टाकायची. क्रिकेटवाल्या मुली बॅट घेऊनच धावतात. पहिल्या बेसवरून पुढे धावत गेलं तरी चालतं, दुसऱ्या-तिसऱ्यावरून पुढे गेलं तर टॅग करून, म्हणजे हातातला बॉल अंगाला लावून, आउट करतात. हे पहिल्याच दिवशी सांगा.

फक्की_आणि_दोरी
मैदानाचं सांगतो. मोठ्यांचे बेस एकमेकांपासून ९० फुटांवर असतात, या मुलींना ७० फूट पुरे, आणि पिचर (बॅटरकडे बॉल टाकणारी) होमपासून ५० फुटांवर. काथ्याची दोरी घेऊ नका, ओढली की ताणते आणि माप चुकतं. मोजपट्टी वापरा. मैदानाच्या कोपऱ्यात होम प्लेटच्या (बॅटर उभी राहते तिथली प्लेट) मागच्या टोकाला खुंटी मारा. तिथून सरळ ३०.१७ मीटरवर दुसरा बेस. आता होमपासून २१.३४ आणि दुसऱ्या बेसपासूनही २१.३४ मीटर अशा दोन पट्ट्या जिथे भेटतात तो पहिला बेस, आणि समोरच्या बाजूला तसाच तिसरा. पिचरची पट्टी होमपासून १५.२४ मीटरवर, म्हणजे चौकोनाच्या मध्यापासून वीतभरही मागे नाही. जास्त फरक दिसला तर काहीतरी चुकलंय. पहिला आणि तिसरा बेस चौकोनाच्या आत बसतात, दुसऱ्याचा मध्य मात्र मोजलेल्या बिंदूवरच येतो. इथे बरेच जण फसतात.

होमकडून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेघ शक्यतो पूर्व-ईशान्येला ठेवा. तुमच्या वेळेला ऊन पश्चिमेचं, ते बॅटरच्या पाठीवर पडेल. फिल्डरच्या डोळ्यांत जाईल, म्हणून त्यांना टोप्या द्या. आखणी फक्कीने करा, कळीचा चुना अजिबात नको, डोळ्यात गेला तर भाजतो.

बेसभोवतीचे तीन-तीन मीटर रोज दाताळ्याने खडे काढून साफ करा. स्लाइड (बेसपर्यंत घसरत जाणं) शिकवायला मात्र तांबडी जमीन नकोच. पाऊस पडून गेल्यावर गवतावर ताडपत्री पसरा आणि तिथे शिकवा : एक पाय दुमडलेला, हात वर, डोकं पुढे घालून कधीच नाही. पॅन्ट लांब आणि गडद रंगाची असू द्या. पांढऱ्या पॅन्टच्या धास्तीने पाळीच्या दिवसांत मुली घरी बसतात, आणि तो गणवेश ठरवणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. मैदानाजवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठलं, तेही आधी ठरवून ठेवा.

मैदानासाठी पंचायतीला लेखी अर्ज द्या : आठवड्यातले तीन दिवस, ३.३० ते ५, मुलींची नावं आणि मुख्याध्यापकांची सही. तोंडी परवानगी स्पर्धांच्या हंगामात टिकत नाही. ५ ही वेळ मुलींच्या परतीच्या बसशीही जुळवा, काळोख पडायच्या आत घरी पोचल्या तर पालकांची हरकत राहत नाही.

वाळवंटीकाठ
खूप खूप आभार! ग्लोव्हची बोटं वर-खाली हे उद्यापासूनच सुरू करते. सॉफ्टबॉलच्या प्रश्नावर कोणी बोलेल का? आणि एका मुलीचा हात चांगला आहे, तिला पिचर करायचंय. रोज किती बॉल टाकू द्यावेत?

डावखुरी_पिचर
ताई, सॉफ्टबॉल चांगला खेळ आहे. ज्यांना आवडतो त्यांनी जरूर खेळावा. पण इजा टाळण्यासाठी तो सुचवणाऱ्यांना सांगा की तो बॉल मऊ नसतो. त्याचा घेर १२ इंच आणि वजन साधारण १७८ ते १९८ ग्रॅम. बेसबॉलचा घेर ९ ते सव्वानऊ इंच, वजन १४२ ते १४९ ग्रॅम. लहान हाताला उलट बेसबॉलच नीट धरता येतो. पिचिंगही वेगळं, तिथे हात खालून फिरतो, इथे वरून. एकाचा सराव दुसऱ्याला पुरत नाही.

"मुलांचा खेळ" म्हणणाऱ्यांसाठी : महिलांचा बेसबॉल विश्वचषक २००४ पासून भरतो, सामने ७ डावांचे असतात, आणि २००८ ते २०२४ प्रत्येक वेळी जपान जिंकलाय. २०१६ ला दक्षिण कोरियात भारताचा महिला संघही खेळला. अमेरिकेतल्या लिटल लीगने (लहान मुलांच्या बेसबॉलची संघटना) १९७४ मध्ये मुलींना दार उघडलं. २०१४ मध्ये मोने डेव्हिस या १३ वर्षांच्या मुलीने त्यांच्या जागतिक स्पर्धेत समोरच्या संघाला एकही रन न देता सामना जिंकून दिला. शिक्षकांच्या खोलीत एवढं सांगितलंत तरी बोलणं पुढे सरकेल.

पिचिंगचे आकडे काटेकोर पाळा. सामन्यात ११-१२ वर्षांना दिवसाला ८५, १३ ते १६ ला ९५ ही कमाल, ते लक्ष्य नव्हे. १४ पर्यंतच्या मुलीने २१ ते ३५ बॉल टाकले तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या वर चार. नवशिकीला पहिला महिना २० च्या आत ठेवा. मोजायला एका मुलीला वही देऊन बसवा, अंदाजाने मोजलं की आकडा नेहमी कमीच भरतो. आणि जी पिचर तिलाच त्या दिवशी कॅचर (बॅटरच्या मागे बॉल झेलणारी) करू नका, हात दुखावतो तो असाच.

तिसरा_बेस
पावसाळ्याचं राहिलं. जून ते सप्टेंबर शाळेच्या सभागृहात बेसबॉल-फाइव्ह खेळा. बॅट नाही, ग्लोव्ह नाही, एक रबरी बॉल हाताने मारायचा. एका बाजूला पाच जण, बेस १३ मीटरवर, डाव पाच. जागा साधारण २१ मीटर चौरस लागते. सभागृह लहान असेल तर बेस जवळ घ्या, काही बिघडत नाही. बॉल जमिनीला न लागता थेट बाहेर गेला तर मारणारी आउट, त्यामुळे जोरापेक्षा दिशा शिकतात. हा मूळचाच मिश्र खेळ आहे, मैदानात दोन मुली आणि दोन मुलगे तरी हवेतच. मुलांसोबत खेळायला यापेक्षा सोपा रस्ता नाही.

होमच्या मागे जाळी लावायला मासेमारीचं जुनं जाळं चालतं, पण ट्रॉलरचं, जाड सुताचं. बारीक तंगूसचं बॉलने फाटतं. जाळ्याचं घर, म्हणजे भोक, ४५ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. जाळं ताणून बांधू नका, सैल सोडा, म्हणजे बॉल तिथेच खाली पडेल. ताणलेल्या जाळ्यावरून तो उसळून कॅचरच्या पाठीवर येतो.

आणि ग्लोव्ह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवू नका, आपल्या हवेत आठवड्यात बुरशी येते. ओला झाला तर वर्तमानपत्राचे बोळे आत भरून सावलीत पंख्याखाली सुकवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको, चामडं तडकतं. सुकताना ग्लोव्हच्या खळग्यात एक बॉल ठेवून सैलसर बांधा, आकार राहतो. १४ जणींत एखादी तरी डावखुरी निघेलच, तिला उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह लागेल. पुढची खरेदी त्याचीच करा, नाहीतर ती उलटा ग्लोव्ह घालून महिनाभर धडपडेल आणि आपल्याला जमत नाही म्हणून सोडून जाईल.