चर्चच्या बारक्या युनिव्हर्सिटीत पोरं पाठवणारे आईबाप वेडे असतात का?

मिडवेस्टची_मावशी
काल आमच्या पालकांच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लांबलचक पोस्ट टाकली, तेव्हापासून डोकं तडकलंय म्हणून इथे येऊन लिहितेय. त्यांचं म्हणणं, अमेरिकेतल्या "चर्चवाल्या बारक्या युनिव्हर्सिट्या" म्हणजे कुठेच नंबर न लागलेल्यांचा गाळ, तिथे रोज प्रार्थनेला बसवतात, बायबलबाहेरचं कोणी शिकवत नाही आणि पोरगं चार वर्षांनी गळ्यात क्रॉस घालून परत येतं. खाली ढिगाने अंगठे.

अहो, पण कुठल्या युनिव्हर्सिटीबद्दल बोलताय ते तरी सांगा. ग्रिनेल कॉलेज १८४६ ला काँग्रिगेशनल चर्चच्या लोकांनी काढलं, आज तिथे चर्च शोधावं लागतं. सेंट ओलाफ नॉर्वेजियन लुथरनांचं (प्रोटेस्टंटांचा एक पंथ), १८७४ चं, चर्चशी संबंध अजून आहे पण चॅपलला, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनेला, यायचं की झोपायचं ते तुमच्यावर. आणि एकीकडे व्हीटन, जिथे विद्यार्थी नियमावलीवर सही करतात आणि २००३ पर्यंत नाचायलासुद्धा बंदी होती. ही तिन्ही एकाच पोत्यात?

मी स्वतः आयोवातल्या एका लुथरन कॉलेजातून बायॉलॉजी केलं. पीएचडीचे विद्यार्थीच नव्हते, त्यामुळे लॅबमधली महागडी यंत्रं दुसऱ्या वर्षापासून आमच्याच हातात. मोठ्या स्टेट (सरकारी) युनिव्हर्सिटीत गेलेली माझी मैत्रीण तिसऱ्या वर्षापर्यंत टीएकडूनच, म्हणजे वर्ग घेणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडूनच, शिकत होती. चॅपलमध्ये मी गेले ते ख्रिसमसच्या कॉयरला (समूहगानाला), आल्टोमध्ये, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत, माणसं कमी होती म्हणून. अजून तरी हरतालिका करते.

कोथरूडकर_सध्या_डॅलस
ताई, कॉयर छान, हरतालिका छान. नोकरीचं बोला. बाप कर्ज काढून पाठवतो ते आल्टोत गायला नाही. एसटीईएम (विज्ञान-इंजिनिअरिंग-गणित) डिग्री असेल तर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, एक वर्ष अधिक दोन वर्षं, त्यात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागली तर लागली. ह्या तीन वर्षांत नोकरी पाहिजे आणि ती करिअर फेअरला येणाऱ्या कंपन्यांकडून मिळते. दोन हजार पोरांच्या कॉलेजात, मक्याच्या शेतात, कोण येणार? जवळची बँक आणि ट्रॅक्टरवाला. इंटरव्ह्यू घेणारा आधी कॉलेजचं स्पेलिंग विचारतो.

पीएचडी_पेंडिंग
@कोथरूडकर कर्जाचं म्हणताय तर बेरिया कॉलेज बघा, केंटकीत. १८५५ सालचं, गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती माणसाने काढलेलं. शिकवण्याची फी कोणाकडूनच घेत नाहीत, बदल्यात प्रत्येकाने आठवड्याला किमान १० तास काम करायचं. परदेशी पोरांना जागा अगदी मोजक्या, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या अख्खं कोथरूड अर्ज करेल.

नगरी_शेव
मला त्या पोस्टमधल्या एकाच वाक्याचं बोलायचंय. "गळ्यात क्रॉस घालून परत येतं." हे असं लिहिलंय की जणू पोरगं गांजा ओढून परत आलं. आमच्या घरात चार पिढ्या क्रॉस आहे आणि चार पिढ्या होळीला पुरणपोळीही आहे राव. आजोबा, वडील, मी, तिघंही नगर कॉलेजचे. १९४७ ला डॉ. हिवाळ्यांनी काढलेलं, ख्रिस्ती माणसाचंच. आमच्या वर्गात अर्ध्या तालुक्याची मराठा, माळी, मुस्लिम पोरं होती, एकाचाही धर्म बदलला नाही. बऱ्याच जणांचा इंग्रजीचा पेपर मात्र सुटला.

निवृत्त_मास्तर
नगरकर, तुमच्या भावना समजल्या, परंतु इतिहास सोयीने विसरू नये. १८४३ साली मुंबईत मिशनच्या शाळेतल्या श्रीपत शेषाद्री नावाच्या अल्पवयीन ब्राह्मण मुलाचं प्रकरण धर्मांतराच्या भीतीवरून कोर्टात गेलं होतं. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला तो झालाच. शाळा स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनची, जिचं पुढे विल्सन कॉलेज झालं. तेव्हा लोकांची भीती निराधार होती असं म्हणता येत नाही. शिक्षणाच्या आडून काय चालतं ते आमच्या पिढीने पाहिलेलं आहे.

नगरी_शेव
मास्तर, १८४३ तुमच्या पिढीने पाहिलं?? तब्येत छान ठेवलीय.

आणि गोष्ट अर्धी का सांगता? कोर्टाने श्रीपतला बापाच्या ताब्यात दिलं. त्याला परत जातीत घ्यायला विरोध कोणी केला? मिशनऱ्यांनी? आपल्याच धर्ममार्तंडांनी. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले तर त्यांनाच छळलं. आणि जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकले ना, १८४१ ते ४७? झाले ख्रिस्ती? रेव्हरंड टिळक झाले ते तिशी ओलांडल्यावर, स्वतःच्या डोक्याने, कोणी वर्गात कोंडून नाही.

पीएचडी_पेंडिंग
ह्या हिशोबाने बाबासाहेबांनाही कोलंबियाला जाऊ द्यायला नको होतं. १७५४ ला किंग्ज कॉलेज म्हणून सुरू झाली तेव्हा अँग्लिकन चर्चचीच की ती. हार्वर्ड १६३६, पाद्री तयार करायला. तिथे ॲडमिशन मिळाली तर मास्तर पेढे वाटतील, तिथलं चर्च दिसत नाही. गाव छोटं असलं की लगेच धर्म धोक्यात.

निवृत्त_मास्तर
उगाच शब्दांत पकडू नका. मूळ चर्चचं असणं वेगळं आणि आज सक्तीने चॅपलला बसवणं वेगळं. दुसरा प्रकार आहे की नाही? हो की नाही एवढंच सांगा.

मिडवेस्टची_मावशी
आहे. काही ठिकाणी दर सेमिस्टरला चॅपलच्या हजेऱ्या भराव्या लागतात. ते लपवून ठेवत नाहीत, वेबसाइटवर लिहिलेलं असतं, अर्ज भरताना वाचायचं. नको असेल तर जाऊ नका. इतकं सोपं आहे काका.

पीएचडी_पेंडिंग
आमच्या शाळेत रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणायला लावायचे. "सार्वजनिक" शाळा, अनुदानित. वर्गातली शबनम दहा वर्षं हात जोडून उभी राहिली, तिच्या बापाने कधी ग्रुपवर पोस्ट टाकली नाही. सक्तीचा एवढा राग आहे तर सुरुवात घरापासून करूया ना.

निवृत्त_मास्तर
संस्कार आणि धर्मप्रचार यांत फरक कळत नसेल तर पीएचडी पेंडिंगच राहणार.

पीएचडी_पेंडिंग
आपण करतो तो संस्कार, दुसरा करतो तो प्रचार. व्याख्या लिहून घेतली. थीसिसमध्ये तुमचे आभार मानेन.

कोथरूडकर_सध्या_डॅलस
मी नोकरीचं विचारलं होतं. चालू द्या १८४३.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, तुम्ही चॅपल चॅपल करून राह्यले, पण आमच्या घरात काय झालं ते ऐका. माझा मावसभाऊ अशाच एका चर्चच्या युनिव्हर्सिटीत होता, नाव घेत नाही. चॅपल वगैरे काही नव्हतं, प्रोफेसर सुट्टीत घरी जेवायला बोलवायचे, पोरगं खूश. तिसऱ्या वर्षाला एक दिवस ईमेल आला की ह्या सेमिस्टरनंतर युनिव्हर्सिटी बंद. नोटीस नाही, चर्चा नाही, बंद. एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) असलेल्या पोराने काय करायचं? नवीन कॉलेज शोधा, नवीन आय-ट्वेंटी (व्हिसाला लागणारा कॉलेजचा कागद) काढा, सेव्हिस ह्या सरकारी नोंदणीतलं ट्रान्सफर ठरलेल्या मुदतीत करा, नाहीतर बॅगा भरा. क्रेडिट्स सगळे धरले नाहीत, एक सेमिस्टर जास्तीचं बसलं, त्याचे पैसे मामाने दिले. तो ज्या कॉलेजात गेला तेही चर्चचंच होतं, हे मास्तरांसाठी सांगतो.

अन् हे काही एकट्याचं नाही. आयोवा वेस्लियन १८४२ पासून चालू होती, २०२३ च्या मे मध्ये कुलूप. मिशिगनमधली फिनलँडिया, फिनिश लुथरनांची, तीही त्याच वर्षी. अलाबामाची बर्मिंगहॅम-सदर्न, मेथडिस्ट पंथाची, २०२४ च्या मे मध्ये. कारणं सगळीकडे तीच. पोरं कमी झाली, एंडोमेंट (देणग्यांची गंगाजळी) बारकं, फीवर सूट देऊन देऊन हाती काही उरत नाही. ४५ हजार डॉलर छापलेली फी निम्म्यावर आणून देतात अन् आपले लोक म्हणतात स्कॉलरशिप भेटली. अरे बाबा, ती जवळपास सगळ्यांनाच भेटते. दुकानावर कायम सेलची पाटी असली तर समजायचं का नाही?

मिडवेस्टची_मावशी
हे खरंय आणि भावाबद्दल वाईट वाटलं. पण हा प्रश्न चर्चचा नाही, छोटेपणाचा आणि पैशाचा आहे. आणि मोठं म्हणजे सुरक्षित असंही समजू नका, वेस्ट व्हर्जिनिया ही स्टेट युनिव्हर्सिटी, तिने २०२३ मध्ये २८ मेजर्स (मुख्य विषयांचे अभ्यासक्रम) एका फटक्यात बंद केले.

कोथरूडकर_सध्या_डॅलस
मेजर बंद होणं आणि अख्खी युनिव्हर्सिटी बंद होणं सारखंच का? बरं, म्हणजे फिरून फिरून मुद्दा माझाच आला, पैसा. कोणी कबूल करणार नाही, पण असू दे.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, तुम्ही पैसा म्हणाले नव्हते, ट्रॅक्टरवाला म्हणाले होते.

औंधची_ताई
इतका वेळ नुसती वाचत होते. स्पायसर कॉलेजचं नाव कोणीच कसं काढलं नाही? १९१५ ला कोइमतूरला सुरू झालेलं, पुढे पुण्यात आलेलं, शनिवार पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती पंथाचं. आम्ही लहानपणी त्यांचा ब्राउन ब्रेड आणायला जायचो. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत सगळं बंद, म्हणून ब्रेड आधीच आणून ठेवायचा. आणि कॅम्पसवर शाकाहार. धर्म बुडतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, अमेरिकेत मिशिगनला त्यांच्याच अँड्र्यूज युनिव्हर्सिटीत मेस शाकाहारी आहे. माझी भाची मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत पहिलं वर्ष चीज पिझ्झावर जगली.

निवृत्त_मास्तर
पूर्ण शाकाहारी? अंडं?

औंधची_ताई
अंडं आणि दूध चालतं. दारू, सिगरेट नाही. चहा-कॉफीलाही नाकं मुरडतात.

निवृत्त_मास्तर
चहा नाही हे अतिरेकी आहे. बाकी व्यवस्था, म्हणजे केवळ आहाराच्या दृष्टीने, आक्षेपार्ह वाटत नाही. नातवासाठी सहज विचारलं. माझं मूळ मत कायम आहे.

नगरी_शेव
मास्तर, शनिवारची सुट्टी म्हणजे मारुतीच्या दर्शनालाही सोय. विचार करा.

नाशिकची_आई
मुलीला ओहायोतल्या एका मेथडिस्ट युनिव्हर्सिटीची ऑफर आहे, फीवर निम्म्याहून जास्त सूट. वरचं वाचून पोटात गोळा आला. नक्की काय बघायचं ते कोणी सांगेल का? १८४३ नको प्लीज.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, चॅपलचा नियम पाच मिनिटांत वाचून होतो. वेळ लागतो तो ह्याला. एक, ॲक्रेडिटेशन (मान्यता) देणाऱ्या संस्थेच्या साइटवर नाव टाका, "प्रोबेशन" किंवा "नोटीस" असं काही लिहिलंय का बघा. दोन, अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा फायनान्शियल कॉम्पोझिट स्कोअर (कॉलेजच्या आर्थिक तब्येतीचा आकडा) असतो, उणे १ ते ३, दीडच्या खाली असला तर सावध व्हा. तो जुन्या हिशोबावर निघतो, म्हणून गेल्या पाच वर्षांत पोरांची संख्या वाढली की घसरली तेही विचारा. तिसरं, सूट चारही वर्षं राहणार का अन् फी वाढली तर सूट वाढणार का, हे लेखी मागा. तोंडी काहीही सांगतात ते लोक, गोड असतात.

मिडवेस्टची_मावशी
आणि तिच्या डिपार्टमेंटमध्ये कायमचे प्रोफेसर किती आणि मागच्या बॅचची पोरं कुठे लागली, हे थेट डिपार्टमेंट चेअरला ईमेल करून विचारा. छोट्या ठिकाणी उत्तर येतं. दोन आठवड्यांत नाही आलं तर मला कळवा, मग मीच तुमच्या बाजूने त्या ग्रुपवर पोस्ट टाकते.

कोथरूडकर_सध्या_डॅलस
एवढी डिटेक्टिव्हगिरी करण्यापेक्षा सरळ आमच्या इथल्या यूटी डॅलस युनिव्हर्सिटीला पाठवा, सगळे आपलेच आहेत.

मिडवेस्टची_मावशी
तेच तर. करिअर फेअरच्या रांगेतही सगळे आपलेच असतात.