मदत हवी आहे: २४ तासांच्या पावसाचा विक्रम नेमका कोणत्या तारखेच्या नावावर?

देशातल्या एका दिवसातल्या सर्वाधिक पावसाचा तक्ता करतोय आणि तारखांपाशी अडलोय.

आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा धरतात. निरीक्षक पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओततो, आकडा वाचतो आणि त्या सकाळची तारीख घालतो. म्हणून मुंबईतल्या सांताक्रूझ केंद्राचे ९४४.२ मिमी हवामान खात्याच्या दैनंदिन नोंदीत २७ जुलै २००५ ला दिसतात. लोकांच्या लक्षात मात्र २६ जुलै आहे, आणि पाऊस कोसळला तोही त्याच दुपारी. एका तारखेचा फरक, पण तक्ता चुकतो.

खात्याची अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींची आकडेवारी तपासली. तिथे आसपासच्या केंद्रांवरून चौकटीचा आकडा काढलेला असतो, त्यामुळे एकाच केंद्राचा उच्चांक त्यात बोथट होतो. त्या दिवशी मुंबईतच कुलाब्याला जेमतेम ७३.४ मिमी होता, हे पाहिलं की अडचण कळेल. बातम्यांतले आकडेही नकोत, त्यात दोन्ही तारखा सापडतात. मला फक्त केंद्रनिहाय, अधिकृत नोंदी हव्यात.

दुसरी शंका जास्त छळते आहे. पाऊस रात्री दोनला सुरू होऊन दुपारी दोनला थांबला, तर साडेआठला त्याचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही दिवस साधारण वाटतात. स्वयंलेखी पर्जन्यमापकाच्या आलेखावरून सलग कुठलेही २४ तास धरता येतात. मग राष्ट्रीय विक्रम ठरवताना असे सलग २४ तास ग्राह्य धरतात, की साडेआठचाच आकडा? आणि स्वयंचलित केंद्राची नोंद त्यात चालते का?