दारू सुटल्यावर नव्याने काय काय शिकलात?

केळफूल
ऑफिसच्या ग्रुपवर गटारीचे मेसेज सुरू झालेत, कर्जतला बंगला बघतायत. त्यावरून व्यसनमुक्ती केंद्रातल्या ताई आठवल्या. डिस्चार्जच्या आधी त्यांनी दिवसाचे चोवीस तास आखलेला कागद हातात दिला होता. बाकी सगळे रकाने भरले, संध्याकाळचे सात ते नऊ कोरेच राहिले. "हे भरल्याशिवाय घरी सोडणार नाही," ताई म्हणाल्या. त्या दोन तासांत मी पोळ्या लाटायला शिकलो. दारू डॉक्टर आणि गोळ्यांमुळे थांबली. पण पगार हातात आला की काय करायचं, राग आला तर कुठे जायचं, हे चाळिशीत पहिल्यापासून शिकावं लागलं. तुम्ही किंवा घरच्यांनी काय शिकलात ते लिहा. कुणाला तरी उपयोग होईल.

डोंबिवली_स्लो
रस्ता बदलला. पूर्वेला उतरलं की घरापर्यंत दोन बार लागतात. आता पश्चिमेला उतरतो आणि पुलावरून वळसा घालून जातो. उशीर होतो, होऊ दे.

अबोली
आमच्याकडे नवऱ्याचा पगार माझ्या खात्यात यायचा, हे त्यानेच सुचवलं. आधी रोजचे मोजके पैसे, मग आठवड्याचे, आता सगळा व्यवहार तोच बघतो, लाइट बिलसुद्धा. मला शिकायला लागलं ते वेगळंच. तो दारात आला की वास घेणं थांबवायचं. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये बायकांचा सहचरी गट असतो, तिथे पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की तू जेवलीस का. डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये हे केंद्र सुरू केलं, माझ्यासारख्या कितीजणी तिथून उभ्या राहिल्या असतील.

वडाळा_पूर्व
भूक, राग, एकटेपणा, थकवा. तलफ आली की आधी यातलं काय आहे ते बघ, असं माझे स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेले, मला वाट दाखवणारे सोबती, सांगतात. माझी निम्म्या वेळा भूकच निघते. खाऊन थांबलं की पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते. बॅगेत कायम चणे-शेंगदाणे.

चिंचपोकळी
@वडाळा शेंगदाणे नको रे बाबा, तो तर चकणा! मी राजगिऱ्याची चिक्की ठेवतो.

वडाळा_पूर्व
हे डोक्यातच आलं नव्हतं 😄 उद्यापासून चिक्की.

रातपाळी
वॉर्डात नर्स आहे, ड्यूटीवर निघता निघता लिहितेय. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीतच. आणि दारू सोडायची गोळी चहात, भाजीत गुपचूप घालू नका. त्यावर तो प्यायला तर रिअॅक्शन येते, माणूस दगावू शकतो. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

अनामिक
मी गर्दवाला, म्हणजे ब्राऊन शुगर घेणारा. केंद्रात आम्हाला नाही म्हणायचं नाटक करायला लावायचे, एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने नकार द्यायचा. "आज गाडी चालवायचीय" म्हटलं की समोरचा म्हणतो, मग उद्या. म्हणून कारण द्यायचं नाही, "मी घेत नाही" एवढंच. जुने नंबर गेले, सिमही बदललं. एकटं वाटायचं तेव्हा आईबरोबर भाजी आणायला जायचो. आता भाव करण्यात तिच्यापेक्षा तयार झालोय.

पारिजात_ठाणे
केळफूल, पोळ्या फुगतात का? आमच्या ह्यांना शिकवायच्यात, व्यसन नाही तरी 😊

केळफूल
@पारिजात फुगतात! कणीक सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा.

मुलुंडकर
सगळं वाचतोय. माझा भाऊ काल परत प्यायला. आई रडतेय, तो खोलीबाहेर येत नाही. काय बोलू कळत नाही.

अबोली
दादा, आज भाषण नको. ताट नेऊन ठेव आणि शेजारी बस. तू पण दोन घास खा.

वडाळा_पूर्व
@मुलुंडकर घसरला म्हणजे आधी शिकलेलं पुसलं जात नाही, त्याला हे नक्की सांग. पण परत रोजची सुरू होण्याआधी आजच डॉक्टरांना फोन कर.

मुलुंडकर
केला, उद्या सकाळची वेळ दिलीय. एएला (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) यायला तयार नाही, म्हणतो शहाणे लोक उपदेश करणार.

चिंचपोकळी
तिथे सगळे आपल्यातलेच असतात. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच एकमेकांशी बोलून ते सुरू केलं. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही, नुसतं ऐकत बसला तरी चालतं. तुमच्या बाजूची मीटिंग मला माहितीये, पत्ता मेसेज करतो. डॉक्टरांकडून आल्यावर संध्याकाळी घेऊन ये, मी गेटवर थांबतो.

मुलुंडकर
मेसेज मिळाला. आईला पण आणू का?

चिंचपोकळी
आण. घरच्यांची वेगळी बैठक असते, तिथल्या मावशींना आत्ताच सांगून ठेवतो.