जांबोटी–उद्यमबाग रोजची ये-जा, कधीमधी चोर्ला घाट : इलेक्ट्रिक बाईक घ्यावी का?

जांबोटी_रोड
नमस्कार मंडळी. रोज जांबोटी ते बेळगावातलं उद्यमबाग, येऊन-जाऊन ४२ किमी. वजन ७५ किलो, महिन्यातले दहा-बारा दिवस मागं माणूस. दोन महिन्यांतून एकदा चोर्ल्यावरून पणजी. सध्या १०० सीसी, ६० चं ॲव्हरेज. घरी सिंगल फेज, गृहज्योतीचं (कर्नाटकच्या फुकट विजेच्या योजनेचं) मीटर, गाडी परड्यातल्या पत्र्याच्या शेडात. स्कूटर नको, बाईकच बघूलालोय. शोरूमवाले दीडशे किमी सांगतात, गल्लीतले म्हणतात अर्धं धर. नेमकं काय धरायचं? आणि आपल्याकडच्या पावसाचं काय?

उद्यमबाग_वाइंडर
शोरूमचा किमीचा आकडा आधी विसरा. बॅटरीवर किती किलोवॅट-अवर लिहिलंय ते बघा, तीच तुमची टाकी. त्यातलं ९० टक्के वापरायला मिळतं असं समजा. तळातलं १० टक्के असून नसल्यासारखं, कारण तिथं गाडी आपणहून वेग कमी करते.

आता खर्च. एकटा माणूस, ४५–५० चा वेग, आपले खड्डे नि चढ-उतार धरून किमीला ३० ते ३५ वॅट-अवर. तुमचे ४२ किमी म्हणजे दिवसाला साधारण १.५ किलोवॅट-अवर. ३.२४ किलोवॅट-अवरची रिव्होल्ट आरव्ही ४०० घेतलीत तर रोज निम्मी बॅटरी जाणार. मागं माणूस असला तरी अडत नाही.

पण हाच माणूस हायवेला जाऊन ८० नं पळवू लागला तर हिशोब पार बिघडतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ५० च्या वेगाला किमीला ३० वॅट-अवर लागत असतील तर ८० ला ५५–६० लागतात. मग त्याच बॅटरीत ५० किमी, म्हणजे बेळगावहून निघून संकेश्वरला धाप लागणार, निपाणी तर लांबच. पेट्रोलच्या गाडीला एवढा फरक कळत नाही, म्हणून लोक फसतात आणि गाडीला शिव्या घालतात.

चोर्ला वेगळा मोजा. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, गोवा समुद्राला टेकलेला. परत येताना ७०० मीटर वर चढायचं. गाडी ११० किलो, तुम्ही ७५, मागचा ६५, एकूण २५०. नुसतं एवढं वजन वर उचलायला ०.४८ किलोवॅट-अवर लागतात, मोटर आणि कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारा डबा) यांच्यातली तूट धरून ०.६. म्हणजे ३.२४ च्या बॅटरीतला पाचवा हिस्सा फक्त उंचीवर गेला, अंतराचा खर्च त्याच्यावर. जांबोटी–पणजी ९० किमीच्या आसपास. जाताना ३ किलोवॅट-अवरच्या थोडं वर, येताना पावणेचार. ३.२४ वाली जाताना तळातल्या १० टक्क्यांत जाऊन काठावर, येताना नाहीच. ५ किलोवॅट-अवरची असेल तर पणजीत रात्रभर चार्ज करून परत येता येतं.

बुलेटवाला_टिळकवाडी
हिशोब बरोबर आहे, पण बाईक म्हणजे काय फक्त वॅट-अवर काय ओ? क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. घाटात तिसऱ्या गिअरात गाडी धरून उतरण्यात जी पकड असते ती हिच्यात कुठून येणार?

उद्यमबाग_वाइंडर
आवाजाचं बोलणार नाही, ज्याची त्याची आवड. पकडीचं मात्र बोलतो, कारण त्यात धोका आहे. इलेक्ट्रिकला इंजिनाचा ब्रेक नसतो, रीजन असतो, म्हणजे मोटरच गाडी रोखते आणि ती वीज बॅटरीत भरते. तो बॅटरीत भरायला जागा असेल तरच लागतो. बॅटरी ९५ च्या वर असताना उतार लागला की बऱ्याच गाड्या रीजन कापतात आणि गाडी एकदम मोकळी धावते. चोर्ल्याला तुम्ही पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असते, तिथं अडचण नाही. पण कणकुंबीत मुक्काम करून फुल चार्जवर उतरणार असाल तर ९० वरच प्लग काढा. आणि रीजनमधून घाटभर उतरून परत मिळतं ते ०.१–०.१५ किलोवॅट-अवर, त्याच्यावर विसंबून पुढचं अंतर ठरवू नका.

गिअर हवेच असतील तर मॅटर एरा आहे. ५ किलोवॅट-अवर, चार गिअर, मोटरला कूलंट. चढावर पहिल्या-दुसऱ्यात ओढता येते, त्यामुळं मोटरला करंट कमी लागतो.

निपाणी_तंबाखू_गल्ली
कोल्हापूर-बेळगाव हायवेला पळवायची असेल तर अल्ट्राव्हायोलेट एफ७७ ची १०.३ किलोवॅट-अवर वाली तेवढी बघण्यासारखी. ८० च्या वेगानं १४० किमी तरी धरा, बेळगाव–कोल्हापूर ११० होतं. पण २०० किलोच्या वर वजन, आणि किंमत बघून घरातली माणसं बोलायची बंद होतील. रोजच्या ४२ किमीला ती घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रॅक्टर.

खानापूर_वायरमन
गाडीच्या आधी शेडातली वायर बघा. सगळे गाडीवर चर्चा करतात, जळतो मात्र प्लग.

या गाड्यांचा चार्जर बहुतेक ७०० ते १००० वॅटचा, म्हणजे ३ ते ५ अँपिअर. आकडा छोटा दिसतो म्हणून लोक ६ अँपिअरच्या पॉइंटला एक्स्टेंशन लावून मोकळे होतात. मिक्सर पाच मिनिटं चालतो, हा चार्जर सलग चार-पाच तास. सैल पिन तेवढ्या वेळात तापून सॉकेट पिवळं पडतं, मग काळं. म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट, मेन बोर्डापासून थेट वेगळी लाईन. २० मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, परडं त्याहून लांब असेल तर ४ ची. १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, दोन्ही हवेत. एमसीबी करंट जास्त झाला की लाईन तोडून वायर वाचवतो, आरसीसीबी करंट जमिनीत गळला की तोडून माणूस वाचवतो. पत्र्याचं शेड, ओली जमीन, तिथं याला पर्याय नाही. सॉकेट जमिनीपासून चार फूट वर, झाकणाचं.

अर्थिंग अशी तपासा. मीटर व्होल्टवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा, २–३ व्होल्टच्या आत यायला पाहिजे. नंतर फेज आणि अर्थमध्ये. ते फेज-न्यूट्रलएवढंच आलं तर ठीक. आता फेज-अर्थमध्ये १०० वॅटचा जुना बल्ब लावून बघा (आरसीसीबीच्या आधी, नाहीतर तो पडणारच). बल्ब मंद लागला तर अर्थ नावापुरता आहे. आपल्याकडं मुरूम नि जांभा, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळसा घालून वर पाणी सोडत राहा. हे काम जाणकार हातानंच करून घ्या.

आता गृहज्योती. २०० युनिट फुकट असं सगळे म्हणतात, ते तसं नाही. तुमची २०२२-२३ ची महिन्याची सरासरी अधिक १० टक्के, एवढंच फुकट. २०० ही वरची मर्यादा. सरासरी ११० असेल तर १२१ फुकट, त्यावरचे पैसे भरायचे. आणि एखाद्या महिन्यात २०० ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल येतं, फक्त वरचं नाही. तुमची बाईक दिवसाला चार्जरच्या तुटीसकट १.७ युनिट (युनिट म्हणजेच किलोवॅट-अवर) घेणार, २६ दिवसांचे ४४. हेस्कॉमचं मागच्या वर्षभराचं बिल काढा. १५५ च्या वर जाणारे महिने कुठले, बहुतेक एप्रिल-मे, ते बघा. त्या महिन्यांत कामाच्या ठिकाणी चार्ज करता येत असेल तर बघायचं.

जांबोटी_रोड
हे कुणीच सांगितलं नव्हतं! बिलं काढली, मे मध्ये १६८ आहेत. म्हणजे ४४ घातले की २१२.

खानापूर_वायरमन
मग मे मध्ये अख्खं बिल येणार. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच. युनिटला सरसकट ७ रुपये धरा, एरवी ४४ युनिटचे ३०८, मे मध्ये अख्ख्या २१२ युनिटचे १४८४. पेट्रोल महिन्याला १८ लिटर, शंभराच्या दरानंही १८००. एका महिन्याच्या बिलासाठी घाबरू नका, फक्त माहीत असू द्या.

कणकुंबी_पाऊस
पावसाबद्दल. बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. ते फक्त बॅटरीच्या डब्याचं. पाणी शिरतं ते डब्यात नाही, कनेक्टरमध्ये. मोटरच्या तीन जाड फेज वायरी आणि हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या) बारीक पाच वायरी जिथं कंट्रोलरला जोडतात तिथं आषाढात हिरवट बुरशीसारखा थर धरतो. लक्षण असं : गाडी सुटताना हिसका देते, आवाज करते, मग ठीक चालते. लोक मोटर गेली म्हणून बसतात, असते हॉलची पिन. मृगाच्या आधी कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, डायलेक्ट्रिक ग्रीस लावा. वायर कनेक्टरकडं वरून येत असेल तर आधी खाली वळसा देऊन मग वर न्या, पाणी वळशाच्या तळातून गळून जातं. वॉरंटीत असेल तर हे सर्व्हिसवाल्याकडूनच करून घ्या, सील तुटलं की भांडण.

प्रेशर वॉशर नको. चिखल पाइपच्या साध्या धारेनं. चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण फाटलं तर त्याच दिवशी बदला, वीस-तीस रुपयांचं काम लांबवून पोर्ट घालवू नका.

बुलेटवाला_टिळकवाडी
आणि पंक्चर? किणयेच्या पुढं रात्री पंक्चर झालं तर कोण काढणार तो मोटरवाला चाक?

उद्यमबाग_वाइंडर
हा प्रश्न खरा. हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेली मोटर असेल तर मागचं चाक काढायला आधी मोटरचा कनेक्टर सोडवायचा, मग टॉर्क आर्म (एक्सल फिरू नये म्हणून लावलेली पट्टी), मग नट. गावातला पंक्चरवाला वायर न सोडवता चाक ओढतो आणि एक्सलमधून आलेली केबल चिरडते. परत बसवताना टॉर्क आर्म उलटा लागला तर एक्सल फिरून वायरी पिळतात. म्हणून बाईकमध्ये शक्यतो मधली मोटर, बेल्ट किंवा चेनवाली घ्या. तिचं चाक साध्या गाडीसारखंच निघतं. शिवाय हब मोटरचं सगळं वजन चाकात असतं, खड्ड्यात रिमला मार जास्त, आणि लांब चढावर ती लवकर तापून ताकद कमी करते. ट्यूबलेस टायर, पट्टीचं किट आणि छोटा पंप डिक्कीत असला की रात्रीचं काम भागतं. बेल्ट असेल तर खडीच्या रस्त्यावर पुलीत अडकलेला खडा आठवड्यातून एकदा बघा, एक खडा दातच घेऊन जातो.

निपाणी_तंबाखू_गल्ली
खरेदीचं एक. निपाणी-संकेश्वरकडच्यांना कोल्हापूरचं शोरूम जवळ वाटतं. गाडी तिथून आणा, पण पक्की नोंदणी एमएच ला करू नका. तात्पुरत्या नोंदणीवर आणून आपल्या पत्त्यावर करा : निपाणी-चिकोडी केए २३, बेळगाव-खानापूर केए २२. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नवीन नंबर घ्यावाच लागतो. मग फॉर्म २८ ची एनओसी, फॉर्म २७ चा अर्ज, दोन आरटीओंच्या चकरा. हिरवी पाटी दोन्हीकडं सारखीच असते, पोलीस आधी अक्षरं बघतात.

जांबोटी_रोड
बॅटरी एलएफपी घ्यावी की एनएमसी (लिथियमचेच दोन प्रकार)? दोन दुकानांत दोन सल्ले मिळाले.

उद्यमबाग_वाइंडर
तुमच्या शेडासाठी एलएफपी. ओबेन रॉरमध्ये ती येते. जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि दोन हजार सायकलच्या पुढं जाते (पूर्ण भरून रिकामी झाली की एक सायकल). तुमचा वापर वर्षाला दीडशे पूर्ण सायकलींचा, त्यामुळं बॅटरी सायकलींनी संपण्याआधी वयानं म्हातारी होईल. एनएमसी हजाराच्या आसपास धरली तरी सहा वर्षं जातात, फक्त मे महिन्यात पत्र्याखाली १०० टक्के भरून दिवसभर उभी ठेवायची नाही.

दोघींची सवय उलटी. एनएमसी रोज ८० ला थांबवा. एलएफपी आठवड्यातून एकदा १०० पर्यंत जाऊ द्या आणि वर अर्धा तास प्लग ठेवा, नाहीतर आतले सेल बॅलन्स होत, म्हणजे सारखे भरत नाहीत आणि टक्के खोटे दाखवतात. २२ टक्के दाखवत असताना गाडी बसली, ही तक्रार बहुतेक याचीच. कामावरून आल्या आल्या प्लग लावू नका, पाऊण तास थंड होऊ द्या.

खानापूर_वायरमन
घ्यायच्या आधी शोरूममध्ये चार गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको. वॉरंटीत बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली की बदलणार, ७० की ८०. वर्षं आणि किमी यातलं आधी काय संपतं. चार्जर आणि कंट्रोलर बेळगावात ठेवतात की बेंगळुरूहून मागवतात, आणि मागवले तर तोवर दुसरी गाडी देतात का. चौथं, मोबाइल ॲप बंद असताना किल्लीनं गाडी सुरू होते का. कणकुंबीच्या पुढं नेटवर्क जातं, त्यामुळं चाचणीला फोन फ्लाइट मोडवर टाकून गाडी चालू करून बघा.

बुलेटवाला_टिळकवाडी
मग जांबोटीसाठी घ्या म्हणतो मीही. पण १०० सीसी विकू नका. गोव्याला तीच न्या, आणि जुनीला शोरूमवाले एक्स्चेंजमध्ये जे देतात त्यात दोन टायरसुद्धा येत नाहीत.

जांबोटी_रोड
ठेवतो. एक शेवटचं : चाचणी कुठल्या रस्त्यावर मागू? ते शोरूमसमोरच फिरवतात.

उद्यमबाग_वाइंडर
पिरनवाडीपासून किणयेच्या पुढच्या चढापर्यंत, मागं माणूस बसवून. निघताना नि पोचल्यावर टक्के लिहा, किमी ओडोमीटरवरून. वापरलेले टक्के गुणिले बॅटरीचे वॅट-अवर, भागिले १००, भागिले किमी. परत त्याच रस्त्यानं या, दोन्हीची सरासरी काढा. किमीला ४० वॅट-अवरच्या आत आलं तर ठीक. ५० च्या वर आलं तर आधी टायरची हवा बघा, चाचणीच्या गाडीत ती नेहमीच कमी असते, आणि पुन्हा मोजा.