मदत हवी आहे: गाडी सोलापुरात राहणार. जुनी ९११ घ्यावी, आर८ की हुराकान?

विजापूररोडकर
नमस्कार मंडळी. वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. हाताशी सव्वादोन कोटी आहेत. खरेदी, ट्रान्सफर, विमा, टायर आणि पहिल्या वर्षाचं काम, सगळं त्यातच बसवायचंय. कर्ज काढायचं नाही.

नजरेत चार गाड्या आहेत. २०२० ची पोर्शे ९११ करेरा एस (मागणी १ कोटी ४५ लाख) आणि २०१७ ची आउडी आर८ व्ही१० प्लस (१ कोटी ३५ लाख), दोन्ही एमएच पासिंग. २०१६ ची लॅम्बोर्गिनी हुराकान एलपी६१०-४, कर्नाटक पासिंग, २ कोटी १० लाख. चौथी २०१७ ची फेरारी ४८८ जीटीबी, दिल्ली पासिंग. तिची मागणी बजेटबाहेर आहे, पण मालक बोलायला तयार आहे.

वापर वर्षाला साधारण चार हजार किमी. महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे पुणे हायवेने टेंभुर्णीपर्यंत जाऊन परत, आणि वर्षातून दोन-तीनदा पुणे किंवा हैदराबाद. घरी बंद गॅरेज आहे, रस्त्यापासून आत चढ आहे. ताकद चौघींतही मला पुरून उरेल, त्यामुळे शून्य ते शंभरची चर्चा नको. सोलापुरात बसून यातली कोणती नीट सांभाळता येईल, आणि घेण्याआधी नेमकं काय तपासायचं, ते सांगा.

बोअर_स्ट्रोक
फेरारी आजच यादीतून काढा. गाडी उत्तम आहे, पण फेरारीची सात वर्षांची मेंटेनन्स योजना २०१७ च्या गाडीची संपलेली आहे. इथून पुढचा प्रत्येक पाना तुमच्या खिशातून. शिवाय सगळं बजेट खरेदीतच गेलं तर ती पहिल्या बिघाडाला गॅरेजात उभी राहील.

उरल्या तीन. माझं मत सरळ ९११ ला. कारण सोलापूर ते मुंबई चारशे किमी आहे आणि या गाड्यांचं गंभीर काम शेवटी तिथेच जातं. प्रत्येक वेळी फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक), म्हणजे जाण्यायेण्याचे आठशे किमी. म्हणून गावात बसून किती कामं निपटतात, हा हिशोब आधी करा. करेरा एसला मुळात लोखंडी डिस्क येतात, तांबड्या कॅलिपरच्या (कॅलिपर म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग). त्यांचे पॅड कुठलाही हुशार मेकॅनिक बदलेल. कॅलिपर पिवळे दिसले तर सिरॅमिक ब्रेकचा पर्याय घेतलेली गाडी आहे. या पिढीच्या ९११ मध्ये (९९२) सिरॅमिकला काळे कॅलिपरही मिळत, म्हणून निव्वळ रंगावर जाऊ नका, डिस्क जवळून बघा. आर८ व्ही१० प्लस आणि एलपी६१०-४ वर सिरॅमिक स्टँडर्ड आहे.

सिरॅमिक डिस्क रस्त्यावरच्या वापरात सहसा झिजत नाही, ती टवका उडून जाते. आणि टवका कधी उडतो? पंक्चरवाला चाक काढताना रिम डिस्कच्या काठावर आपटतो तेव्हा. त्यासाठी हबमध्ये फिरवून बसवायच्या मार्गदर्शक पिना असतात. वरचे दोन बोल्ट काढायचे, त्या जागी पिना लावायच्या, मग उरलेले बोल्ट काढून चाक सरळ बाहेर ओढायचं. पिना गाडीतच ठेवा आणि टायरवाल्यापाशी स्वतः उभे राहा. जुनी गाडी बघताना डिस्कचा काठ बोटाने चाचपा. डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं, वर्कशॉपला ती उतरवून काट्यावर ठेवायला सांगा. चार सिरॅमिक डिस्कचं बिल फार मोठं येतं.

सुपर_दहा
९११ चांगलीच आहे, पण व्ही१० ला, म्हणजे दहा सिलेंडरच्या इंजिनाला, इतक्या सहज बाजूला सारू नका. आर८ आणि हुराकान यांचं ५.२ लिटरचं इंजिन एकाच घराण्यातलं, टर्बो नाही, आणि सांभाळायला या वर्गात बरंच सोशिक. २०१५ नंतरच्या दुसऱ्या पिढीच्या आर८ मध्ये पोर्टमध्ये आणि थेट सिलेंडरमध्ये अशी दुहेरी इंधनफवारणी आहे. पहिल्या पिढीत फक्त थेट फवारणी होती, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचायचा. स्वस्तात पहिल्या पिढीची आर८ दाखवली आणि ती २०१२ पर्यंतची आर-ट्रॉनिक गिअरबॉक्सची असली तर हातही लावू नका, तो एकेरी क्लच आहे. लॅम्बोर्गिनीच्या जुन्या गॅलार्डोतल्या ई-गिअर गिअरबॉक्सचंही तेच. चढावर रिव्हर्स घेतलं की क्लच जळतो, आणि तुमच्या गॅरेजला चढ आहे.

हुराकानच्या मागणीत आणि आर८ च्या मागणीत पाऊण कोटीचा फरक आहे. इंजिनासाठीच घेत असाल तर आर८ मध्ये तेच सुख मिळतं. टर्बोशिवायचं असं दहा सिलेंडरचं इंजिन आता नव्याने कुणी बनवत नाही, ही गोष्ट मला तरी फार मोठी वाटते. आर८ चं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं.

एक अडचण मात्र खरी. आर८ ला नाक उचलायची सोय कंपनीकडून मिळत नव्हती. तुमचा चढ मोजा, मग ठरवा.

विजापूररोडकर
चढ कसा मोजायचा? रस्त्याच्या कडेपासून दारापर्यंत एकूण उठाव दिसायला फार नाही, पण सुरुवात एकदम होते.

पाना_नं_१३
एकूण उठाव महत्त्वाचा नाही, सुरुवातच महत्त्वाची. दीड मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आणि लेव्हल घ्या. पट्टीचं एक टोक चढावर, सुरुवातीपासून एक मीटर आत, जमिनीला टेकवा. दुसरं टोक रस्त्याच्या बाजूला करून पट्टी आडवी, लेव्हलमध्ये धरा आणि चढ जिथे सुरू होतो तिथे जमिनीपासून पट्टी किती वर आहे ते मोजा.

आता गणित. पुढच्या चाकापासून नाकाचं टोक साधारण एक मीटर पुढे असतं आणि ओठ जमिनीपासून सुमारे १२ सेंमी वर. म्हणजे एक मीटरमध्ये १२ सेंमीपेक्षा जास्त उठाव असेल तर नाक घासणार. लिफ्टने नाक आणखी ४ सेंमी वर जातं, म्हणजे मर्यादा १६ सेंमीच्या आसपास. तुमचा आकडा १० च्या आत आला तर कुठलीही घ्या. १२ ते १५ आला तर लिफ्ट असलेलीच. त्याच्या वर गेला तर आधी गवंडी बोलवा आणि चढाची सुरुवात दीड-दोन मीटर लांबवून घ्या. गाडीच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

चढ संपून सपाट होतो तिथे पोट टेकतं. तिथे व्हीलबेस लहान असलेली गाडी फायद्यात: ९११ चा २,४५० मिमी, हुराकानचा २,६२०, आर८ चा २,६५०.

स्पीडब्रेकरचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गोल उंचवटा १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून या गाड्या सावकाश निघून जातात. गल्लीत लोकांनी स्वतः घातलेले अरुंद, टोकदार ब्रेकर खरा त्रास देतात. जुळे सोलापूर, होटगी रोड, सात रस्ता, तुमचे नेहमीचे रस्ते एकदा साध्या गाडीने फिरून असे ब्रेकर कुठे आहेत ते हेरून ठेवा.

आणि हे विसरू नका: ९११ वर लिफ्ट हा पर्याय आहे, प्रत्येक गाडीत नसतो. नंतर बसवणं महाग आणि किचकट. तपासताना नाक वर करून गाडी वीस मिनिटं उभी ठेवा, दोन्ही बाजू फेंडरपासून मोजा. एक बाजू खाली बसत असेल तर हायड्रॉलिक गळती आहे.

कागद_आधी
ट्रान्सफरबद्दल लिहितो. हीच बाजू लोक शेवटी बघतात आणि पैसे अडकवून बसतात.

एमएच पासिंगला फॉर्म २९ आणि ३०, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. परराज्यातल्या गाडीला मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि एमएच १३ वर आणताना महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीच्या वयाची घट वजा करून नव्याने भरावा लागतो. आयात गाडीला इथे कराचा दर २० टक्के. कमाल मर्यादा आधी २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. तुमच्या गाडीला नेमका किती लागेल ते सौदा करण्याआधी आरटीओतून काढून घ्या. कर्नाटकात भरलेल्या कराचा परतावा मागणं ही वेगळी फेरी. म्हणजे हुराकान २ कोटी १० लाखांना मिळतच नाही.

बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टमचा कागद) बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. त्यावरचा चेसिस नंबर गाडीच्या चेसिसशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. चाळीस हजार डॉलरच्या वरच्या तयार आयात गाडीवर सीमाशुल्क ११० टक्क्यांच्या घरात जातं. ते बुडवलेलं असेल तर गाडी जप्त होते, मग ती कुणाच्याही हातात असो.

एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी, नाहीतर आरटीओत काम अडतं. डीलरकडून घेतलीत तर जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी त्याच्या नफ्यावर असतो, पूर्ण किमतीवर नव्हे. बिलात पूर्ण किमतीवर लावला असेल तर तिथेच थांबवा.

विम्यात १,५०० सीसीवरच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये अधिक जीएसटी, तो किरकोळ. खरा खर्च ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा. पाच वर्षांवरच्या गाडीला झिरो डेप (भरपाईतून घसारा न कापणारं कव्हर) मिळेल का, हे लेखी विचारा. आर८ आणि हुराकानचा निकाल त्या उत्तरावरही लागू शकतो.

पाना_नं_१३
तपासणीचं राहिलं होतं. अधिकृत वर्कशॉपमध्ये इंजिन कंट्रोलरचा रिपोर्ट काढा. ९११ मध्ये त्यात इंजिन किती तास चाललं आणि कुठल्या आरपीएमच्या टप्प्यात किती वेळा गेलं ते येतं. किमीला तासांनी भागा. १२,००० किमी आणि ६०० तास म्हणजे सरासरी २०, शहरात वापरलेल्या गाडीला हे पटतं. १२,००० किमी आणि दीड हजार तास म्हणजे सरासरी ८, इथे मीटरशी खेळ झाल्याचा संशय घ्यावा.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांच्या पुढचे टायर बदलायचे असं धरूनच भाव करा. करेरा एसला पुढे २४५/३५ झेडआर२०, मागे ३०५/३० झेडआर२१. पोर्शेचा टायर एन०, एन१ अशा खुणेचा, लॅम्बोर्गिनीचा एल खुणेचा. चारही एकाच खुणेचे हवेत. सेटला अडीच-तीन लाख धरून चला. स्टेपनी यांपैकी कशातच नाही. बाजूची भिंत फाटली तर पंक्चरच्या फोमने भागत नाही, फ्लॅटबेडच.

पुढचे रेडिएटर आवर्जून बघा. ९११ चे पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे असतात. तिथे पाला, प्लास्टिक आणि आपल्याकडे उसाचं पाचट अडकतं, ओल धरतं, आणि एसीचा कंडेन्सर कुजून गळतो. टॉर्च मारून आत बघा. सफाई व्हॅक्यूम आणि मऊ ब्रशने करायची. प्रेशर पंप मारला की पत्र्याच्या पात्या वाकतात आणि मेच्या ४२ अंशांत तापमानाचा काटा चढतो. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, बंपर उतरवून साफ करा.

विजापूररोडकर
मोजलं. एक मीटरला १४ सेंमी. म्हणजे आर८ गेली, आणि कराचं वाचून हुराकानही मनातून उतरली. ९११ ला लिफ्ट आहे, कॅलिपर तांबडे आणि डिस्क लोखंडी आहेत. वर्षाचा खर्च कुणी मांडून देईल का? आणि आठवडाभर उभी राहिली तर काय काळजी घ्यायची?

बोअर_स्ट्रोक
पेट्रोल: ४,००० किमी, सरासरी ८ धरा, ५०० लिटर, म्हणजे पन्नास-पंचावन्न हजार. विमा कोटेशनप्रमाणे, पण दोन-तीन लाखांची तयारी ठेवा. वर्षाची सर्व्हिस आणि फ्लॅटबेड मिळून दीड-दोन लाख. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी कमी चालली तरीही, कारण ते हवेतली ओल शोषतं. याउपर पंधरा-वीस लाख वेगळे बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका. हे सगळं करूनही तुमच्या बजेटमध्ये पैसे उरतात.

पेट्रोलच्या झाकणामागचं लेबल वाचा, इथेनॉलची मर्यादा तिथे लिहिलेली असते. टाकीत इथेनॉलचं पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका, ते पाणी धरतं. गाडी फिरवत राहा, भरत राहा. ऑक्टेन ९५ च्या खाली नको, ९८ मिळालं तर उत्तम.

पहाटेच्या फेरीबद्दल: नोव्हेंबर ते मार्च गाळपाच्या हंगामात मोहोळ ते टेंभुर्णी उजाडल्यावरच निघा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे दिवा नसताना डाव्या लेनमध्ये असतात, आणि सांडलेल्या उसावर ३०५ चा टायरही घसरतो.

पाना_नं_१३
उभ्या गाडीला बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) कायम लावून ठेवा. घेण्याआधी बॅटरी एजीएम आहे की लिथियम ते बघा, चार्जर त्याच प्रकारचा हवा. आपल्याकडे लाइट जाते-येते, म्हणून मेंटेनर स्टॅबिलायझरवरून द्या आणि लाइट परत आल्यावर तो आपोआप सुरू होतो ना, हे प्लग काढून-घालून तपासा.

९११ ची बॅटरी पुढच्या डिक्कीत असते आणि डिक्की विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण उतरली तर डिक्कीच उघडत नाही. अशा वेळी आत पायापाशी असलेल्या फ्यूजबॉक्समध्ये लाल टर्मिनल असतं, ते बाहेर ओढा, बाहेरच्या बॅटरीचं धन टोक त्याला आणि ऋण टोक दाराच्या कडीच्या धातूला लावा, मग किल्लीने डिक्की उघडा. अलार्म वाजेल, घाबरू नका. या वायरने गाडी स्टार्ट करायची नाही, ती फक्त डिक्कीपुरती आहे. मॅन्युअलमधलं ते पान आधीच वाचून ठेवा आणि मॅन्युअल घरात ठेवा, डिक्कीत नको.

उंदरांसाठी गॅरेजच्या दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा. वायरिंगचा लूम कुरतडला तर ते काम सोलापुरात होणार नाही.

फ्लॅटबेडवाल्याला फोनवरच सांगा: लांब रॅम्प किंवा चार लाकडी फळ्या हव्यात, आणि पट्टे चाकांवरूनच बांधायचे, सस्पेन्शनच्या आर्मला हुक लावायचा नाही. टोइंगचा हुक टूलकिटमध्ये असतो. गाडी ताब्यात घेताना तो आहे का ते बघून घ्या, जुन्या गाड्यांत हमखास गहाळ असतो.