२००० रुपयांत घरासाठी कुठला रूटर घेऊ? जुनं चिऱ्याचं घर आहे (डिचोली)

डिचोलीकर_७८:
नमस्कार मंडळी, आमचा रूटर आता रामभरोसे चाललाय. सिंगल बँड (फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा), ३०० एमबीपीएसवाला, सहा-सात वर्षं झाली असतील. मधेच बंद पडतो आणि आपोआप परत सुरू होतो, आणि मुलीचा ऑनलाइन क्लास असला की तर हमखास. प्लॅन फायबरचा १०० एमबीपीएस, फायबरचा डबा (त्याला वायफाय नाही) पुढे बाल्कांवाजवळ (दारापुढच्या ओट्याजवळ) भिंतीला ठोकलाय आणि रूटर बाजूलाच लोखंडी कपाटावर. घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याच्या जाड भिंती, त्यामुळे मागच्या खोलीत न् स्वयंपाकघरात नेट नावालाच. बजेट २०००, ओढूनताणून २५००. कोण म्हणतं वायफाय ६ (नव्या पिढीचं वायफाय) घे, कोण म्हणतं मेश (दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वायफाय) घे. चवथीला मुंबईची मंडळी येणार, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन फोन. काय घेऊ?

फोंड्याचा_भाऊ:
बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं ते सांग आधी. सगळे दिवे विझून परत पेटतात, की दिवे चालूच असतात आणि नुसतं नेट जातं?

डिचोलीकर_७८:
सगळे विझतात भाऊ. मग मिनिटभराने येतात.

फोंड्याचा_भाऊ:
मग रूटरला शिव्या घालायच्या आधी अडॅप्टर बदलून बघ. वर्षानुवर्षं चोवीस तास प्लगला असतो, आतला कपॅसिटर कमजोर होतो, मग लोड आला की व्होल्टेज पडतं आणि रूटर रीस्टार्ट मारतो. क्लासच्याच वेळी का होतं ते कळलं ना आता? रूटरच्या खाली स्टिकर असतो त्यावर बघ ९ व्होल्ट आहे की १२, व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर थोडे जास्त असले तरी चालतात, पिन तीच आणि प्लस-मायनस तसंच पाहिजे. दोन-तीनशेत काम होईल.

म्हापसा_शुक्रवार:
अडॅप्टर बदल पण नवीन पण घेच, सिंगल बँडवर हल्ली काही खरं नाही. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूचे सगळे त्यावरच बसलेले. टीपी-लिंकचा आर्चर सी६ बघ, ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही) एसी१२००, म्हणजे वायफाय ५ वाला, दोन-अडीच हजाराच्या आसपास मिळतो. त्यांचाच सी५० स्वस्त आहे पण त्याचे पोर्ट (केबल लावायची भोकं) १०० एमबीपीएसचे, सी६ चे गिगाबिट, म्हणजे १००० चे. आज तुला फरक पडणार नाही, पण प्लॅन वाढवलास की वायरवरच अडकशील.

पेडणे_ऑनलाइन:
वायफाय ६ च घे रे बाब, एकदाच खर्च. उगाच जुनं तंत्रज्ञान कशाला घरात आणायचं.

म्हापसा_शुक्रवार:
वायफाय ६ ने भिंत पातळ होत नाही हो. ५ गिगाहर्ट्झ चिऱ्याच्या एका भिंतीपलीकडे गेलं की धापा टाकतं, ते वायफाय ५ असू दे की ६. भरपूर फोन एकदम असतील तर ६ चा फायदा आहे, मान्य, पण या बजेटात नाही.

वेर्णे_शिफ्टवाला:
एवढ्यात कोणी आपल्या वेर्ण्याचं नावच काढलं नाही! डी-लिंक इंडियाचं रजिस्टर्ड ऑफिस वेर्णे इंडस्ट्रियल इस्टेटीत आहे, डिजिसोलवाले पण तिथलेच. घ्याच असं नाही म्हणत, पण बघायला काय जातं.

खरा मुद्दा जागेचा आहे. लोखंडी कपाटावर रूटर म्हणजे निम्मा सिग्नल तिथेच खलास. फायबरचा डबा हलवू नकोस, तो राहू दे बाल्कांवाजवळ. त्याच्यापासून कॅट ६ (नेटची वायर) केबल माळ्यावरून, नाहीतर वाशाला धरून मधल्या खोलीत आण आणि नवा रूटर तिथे उंचावर लाव. आणि भाऊ म्हणतो तसा अडॅप्टर बदलून जुना जिवंत झाला तर फेकू नकोस, त्याचं डीएचसीपी (फोनांना आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद कर, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता बदल (नव्या रूटरचा नको), नव्याच्या लॅन पोर्टमधून केबल काढून जुन्याच्या लॅन पोर्टात घाल, वॅनमध्ये (बाहेरून नेट येतं त्या पोर्टात) नाही, आणि तो मागे स्वयंपाकघराच्या दारात ठेव. नाव-पासवर्ड दोन्हीकडे सारखे. झालं तुझं मेश, फुकटात.

डिचोलीकर_७८:
हे भारी आहे! माळ्यावर उंदीर आहेत पण, केबल कुरतडतील ना?

वेर्णे_शिफ्टवाला:
पीव्हीसी पाइपातून घाल, स्वस्तात मिळतो. जॉइंट देऊ नकोस मधे, आणि टोकं मारताना आठही तारा लाव, चारच लावल्यास तर गिगाबिट पोर्ट असून १०० च मिळेल.

साखळी_वीजवाली:
पावसाळ्याचं कोणीच बोलत नाही. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही, पण प्लगातून येते, आणि मग रूटरमधून लॅनच्या वायरीने फायबरच्या डब्यात पण. गडगडायला लागलं की दोन्ही प्लग काढा, स्विच बंद करून भागत नाही. आणि लाइट जाते म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, पण डबा आणि रूटर दोन्ही त्यावर पाहिजेत, आमच्या शेजाऱ्यांनी एकटा रूटर लावलाय, वायफायचं चिन्ह फुल आणि नेट शून्य.

डिचोलीकर_७८:
ठरलं मग, आधी अडॅप्टर आणि शुक्रवारी म्हापशाला जाऊन सी६. पीपीपीओईचा (नेट कंपनीच्या लॉगिनचा) युझरनेम-पासवर्ड लागेल ना?

म्हापसा_शुक्रवार:
हो, जुना काढायच्या आधी त्याच्या वॅन सेटिंगमधून युझरनेम लिहून घे, पासवर्ड ठिपक्यांत दिसतो तो केबलवाल्याकडून माग. आणि काही कंपन्या जुन्या रूटरचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात, नवा लावल्यावर नेट आलं नाही तर घाबरू नकोस, जुन्याचा क्रमांक नव्याला द्यायचा मॅक क्लोनचा ऑप्शन असतो, नाहीतर फोन करून मोकळा करून घे. शनिवार-रविवारी फोन उचलतीलच असं नाही, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळच्या आत लाव.